उलांडी

मंडप शिवते मी, इतवारीत, तेवीस वर्षं झाली.
पाल, कनात, झालर, खुर्च्यांचे झगे.
सगळं शिक्षण एवढंच :
कापडात वारा शिरू द्यायचा नाही,
शिरलाच तर बाहेर पडायला भोक ठेवायचं.

आणि शिशुपाल म्हणतो, ताई, असं शीव
की वारा शिरेल न् अडकेल.

शिशुपाल माझा भाऊ. नळ जोडतो.
सहा इंची पाइपाला दोन्ही तोंडांनी टोप्या डकवून
त्यानं होडीला एक हात केला,
दोन बांबूंवर, बाजूला पाण्यात टेकलेला.
रत्नागिरीचा एक गवंडी होता त्याच्या साइटवर,
तो म्हणाला, ही तर उलांडी.
आमच्याकडे हा शब्द नव्हता.
अंबाझरीचे धिवर तिला कुबडी म्हणाले,
उरकुडाभाऊ नुसते हसले, विडी न विझवता.

होडी गच्चीवर बांधली, ती जिन्यात मावेना.
दोरांनी खाली सोडली, अख्खी गल्ली बघायला.
निनाव्यांच्या कूलरची वाळ्याची ताटी फाटली,
तिचे सव्वाशे दिले.
मग शिडीवरून पडून शिशुपालनं हात मोडला.
एका माणसाची होडी,
आणि पोहता येणारी घरात मीच.

मे महिना, साडेचार.
पाणी असं की त्यात माझा चष्मा दिसावा.
निम्म्यात पोचले, तेव्हा वाडीच्या बाजूनं
आभाळ खाकी झालं.
आधी मातीचा वास आला, मग पाण्यावर
काळे पट्टे धावत आले, एकामागून एक,
थानावरून कापड उलगडावं तसे.

शीड भरलं.
माझ्या हातची शिवण मी कधी अशी ताणलेली पाहिली नव्हती.
उलांडी पाण्यातून उठली,
वीतभर, मग हातभर,
तिच्या पोटावरून पाणी गळताना मला दिसलं,
आणि मी, साठ किलोची बाई, सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली,
बांबूवर सरकत सरकत तिच्या डोक्यावर जाऊन बसले.
बस खाली, म्हटलं तिला. बसली.

त्यानंतर किती वेळ, ते सांगता येणार नाही.
लाटा अंबाझरीत असतात? असतात.
आखूड, चिडक्या, एकीचा पाय दुसरीत.
नाक आपटायचं, तोंडात गढूळ पाणी यायचं,
आणि दोर माझ्या तळहाताला कापत होता
नेमका तिथे, जिथे कात्रीचा घट्टा आहे.

वळले ते चुकलं.
आता उलांडी वाऱ्याच्या खालच्या अंगाला,
आणि ती बुडू लागली. सगळी. पांढरा पाइप
हिरवा होत होत खाली गेला,
होडी त्याच्याभोवती फिरायला लागली
दावणीच्या बैलासारखी.
बांधावरून शिशुपाल ओरडत होता, प्लास्टरचा हात वर करून.
सोड वं! सोड ना वं दोर!
वाऱ्यात फक्त "वं" पोचत होतं.

तेवीस वर्षं मी घट्ट बांधायला शिकले.
दोर सोडायचा, हे डोक्याला कळलं होतं,
बोटांना कळायला वेळ लागला.

सोडला.
शीड फडफडलं, लग्न उठल्यावर पाल फडफडतो तसं, फटाफट,
आणि पाइप वर आला, हळूच,
जसं काही झालंच नाही.

पुढचं काही शौर्याचं नाही.
वाऱ्यानंच ढकलत नेलं, बांधाच्या दगडांवर,
उरकुडाभाऊंनी पाण्यात उतरून नाक धरलं.
विडी या वेळी विझली होती.
म्हणाले, कुबडी बरी आहे बाप्पा तुमची.

शिशुपालनं विचारलं, भ्याली होतीस का?
मी शिडाचा खालचा काठ पिळत होते.
म्हटलं, इथे शिवण उसवली पाय.
दुहेरी घालावी लागते.